अनुभव धागा: अकरा कारणं, आणि त्यात मी कुठेच नाही

रिकामं_पान:
काल कपाट आवरताना २०१३ची डायरी सापडली. तेव्हा मी आणि एक मैत्रीण मिळून डिझाइनची कामं घ्यायचो. दीड वर्षात गाशा गुंडाळला. एका पानावर ‘का बिघडलं’ असं लिहून खाली अकरा कारणं मांडली आहेत. लोक पैसे वेळेवर देत नाहीत, छपाईवाला बेभरवशाचा, तिचं कामात लक्ष नाही... अकरांत मी कुठेच नाही!
खरं तर एकाच आठवड्यात तीन कामांना ‘हो’ म्हटलं होतं ते मी, तिला न विचारता. ती म्हणालीही होती, "अगं, झेपणार नाही." पुढे मी जगाला सांगत फिरले की तिने साथ सोडली. वाचताना आधी हसू आलं, मग येईनासं झालं.
तुमचं आहे का असं काही? लिहा.

आळशी_कासव:
पहिला! सविस्तर नंतर लिहितो.

सहज_सुचलं:
कासवा, मागच्या धाग्यावरचं ‘नंतर’ अजून बाकी आहे.

रात्रपाळी:
टेस्टचा समजून खऱ्या सर्व्हरवरचं टेबल उडवलं. रात्री दोन वाजता. बॅकअप होता, म्हणजे ‘यशस्वी’ असा मेल रोज यायचा. रिस्टोर करून कुणी कधी बघितलंच नव्हतं. फाइल रिकामी.
पहिली वीस मिनिटं मी काय करत होतो? लॉगमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव सापडतंय का ते शोधत होतो. टेबलाचं काही वाटत नाही आता, त्या वीस मिनिटांची लाज वाटते. मग साहेबांना फोन केला. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता कशालाही हात लावू नकोस." जुन्या रिपोर्टांवरून डेटा परत भरण्यात दोन दिवस गेले. नंतरच्या बैठकीत ‘कुणी केलं’ हा प्रश्नच नव्हता. दोन्ही सर्व्हरच्या स्क्रीन सारख्या का दिसतात, डिलीटचा अधिकार एकट्याकडे का, एवढंच. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी हा नियम मला तोंडपाठ होता, बरं का. पाठच होता फक्त.

मावशी_बोले:
टेबल उडवलं म्हणजे मला आधी फर्निचरच वाटलं :)

रिकामं_पान:
रात्रपाळी, तुमची वीस मिनिटं. माझी दहा वर्षं धरा.

जुनं_खोड:
१० ऑगस्ट १९७९. एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पप्रमुख कलाम, पण पत्रकारांसमोर जबाबदारी घेतली ती इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८०ला यश आलं तेव्हा मात्र कलामांना पुढे केलं.

सहज_सुचलं:
काका, हा फॉरवर्ड मला दर आठवड्याला येतो.

जुनं_खोड:
येऊ दे. आमच्या साहेबांना नोकरीभर एकदाही आला नाही.

तिसरं_प्रकरण:
प्रबंध. ‘अजून सहा महिने’ असं चार वर्षं म्हटलं. दरम्यान काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये नाव दिलेल्या ‘प्लॅनिंग फॅलसी’वर मित्रांना व्याख्यानं दिली. कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, आधीचा अनुभव समोर असूनही. माझं प्रकरण तसूभर हललं नाही. शेवटी गाइडना सांगितलं, "सर, लॅपटॉप बिघडला होता ते खोटं होतं." सर म्हणाले, "माहीत आहे. तीनदा बिघडला तुझा."

मावशी_बोले:
हाहाहा, सर भारी! पुन्हा १९७९, काय वर्ष होतं ते.

पुटपुट:
माझं उलटं. सगळं अंगावर ओढून घेते. मीटिंगमध्ये सतरा वेळा सॉरी. एकदा वरिष्ठ मॅडम वैतागल्या, "सॉरी पुरे, कधी देणार ते सांग." तारीख माझ्याकडे नव्हतीच. सॉरीच्या आड तेच लपवत होते मी.
बाळ उठलं, येते.

बाबा_ऑनलाइन:
मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म मी भरणार होतो. शेवटच्या रात्री अकराला बसलो. एक कागद स्कॅनच केलेला नव्हता. मुदत गेली, तिचं वर्ष गेलं. घरात सांगितलं, वेबसाइट बंद होती. आता नोकरी करते, छान आहे. अजून पाहुण्यांना हसत सांगते, "वेबसाइटमुळे माझं वर्ष गेलं." मी शेजारी बसून मान डोलावतो.

रात्रपाळी:
काका... सांगा तिला.

बाबा_ऑनलाइन:
हो. रविवारी येतेय.

मावशी_बोले:
पाहुणे नसताना सांगा हो.

रिकामं_पान:
डायरीच्या त्या पानाचा फोटो मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, ‘बारावं कारण मी.’ सहा वर्षांनी बोलतोय. तासाभराने उत्तर आलं, ‘अक्षर तेव्हाही घाणेरडंच होतं तुझं.’

आळशी_कासव:
आलो. विषय काय होता?