घरच्या कॉफीसाठी फिल्टर, मोका की प्रेस? आपापले अनुभव सांगा

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात पावडर उकळायची, वर जायफळ किसायचं, गाळायची, झालं. गेल्या महिन्यात चिकमगळूरहून अर्धा किलो पावडर आणली आणि नेहमीसारखी केली तर प्रत्येक कपाच्या तळाशी बोटभर गाळ. मशीन नकोय, ओट्यावर जागाही नाही. वीज न लागणारं, दोघांपुरतं, धुवायला सोपं असं काय घेतलंत आणि कशाचा पस्तावा झाला, सविस्तर लिहा.

*

दूध घालून पिणार असाल तर डोळे झाकून स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर. माझं लहानपण माटुंग्याचं, शेजारच्या मामींकडे रात्री झोपायच्या आधी फिल्टर लावायचा आणि सकाळी दूधवाला यायच्या आत वरच्या भोकाभोकांच्या भांड्यातून गळून खालच्या भांड्यात काळंभोर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, तयार. लग्नानंतर मी पहिल्यांदा लावला तेव्हा पावडर चमच्याने अशी काही ठासली की सकाळी बघते तर वर पाणी जसंच्या तसं आणि खाली चार थेंब. ठासायची नसते, आतली दांडीची चकती नुसती अलगद टेकवायची आणि उकळलेलं पाणी धार धरून कडेकडेने सोडायचं. पावडरीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असली की ती पाणी धरून ठेवते, मग उतरायला अजून वेळ, पण डिकॉक्शन घट्ट होतं. भोकं बुजली की वरचं भांडं चिमट्यात धरून गॅसवर तापवायचं, अडकलेली पावडर जळून जाते, मग आपटून धुवायचं. घर पेटल्यासारखा वास येतो, तयारी ठेवा.

*

मी मोकावाला. ही भानगड इटलीत बियालेत्तीने १९३३ साली काढली, खाली पाणी, मध्ये पावडर, वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढतं. पहिला घोळ साइजचा. तीन कप लिहिलंय म्हणून घेतला, तर ते तीन कप म्हणजे त्यांचे घोटभर कप, आपला एक मग जेमतेम. दुसरा घोळ शेगडीचा, आपल्या बर्नरवरची जाळी एवढी मोठी की भांडं त्यावर बसतच नाही, एकदा कलंडलं आणि दुसऱ्यांदा मोठ्या आचेने हँडल वितळून केळ्यासारखं वाकलं. आता छोटा बर्नर, त्यावर दहा-वीस रुपयांची छोटी तारेची जाळी आणि मंद गॅस. पाणी बाजूच्या व्हॉल्वच्या खालीच ठेवायचं, आणि ते आधीच गरम घालायचं म्हणजे पावडर फार वेळ तापून करपत नाही (बुड फडक्यात धरून आवळा, मी भाजून घेतलंय). खुर्रखुर्र आवाज आला की बंद. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा घ्यावा लागेल.

*

फ्रेंच प्रेस घेतली होती, काचेची, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबायचं भांडं. कॉफी सुंदर, जाड रव्यासारखी पावडर, चार मिनिटं थांबा, दाबा, संपलं. पण धुणं! तो चोथा सिंकमध्ये ओतून ओतून दिवाळीच्या आदल्या दिवशी पाइप तुंबला, प्लंबर मिळेना, त्या दिवशी घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. नंतर चोथा सासूबाई गुलाबाला घालायला लागल्या, तो प्रश्न मिटला, तर आठवड्याभरात काच नळाला आपटून फुटली. घेणार असाल तर स्टीलची घ्या.

*

जर्मनीत राहतो. इथे कपावर ठेवायचा कोन आणि त्यात कागदी फिल्टर, विषय संपला. मेलिटा बेंट्झ नावाच्या ड्रेस्डेनच्या बाईने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून हे काढलं. १५ ग्रॅम पावडर, साधारण २४० मिली पाणी, कागद उचलून कचऱ्यात. काळी पिणाऱ्यांसाठीच हं, यात दूध घातलं की पाणचट लागते. पुण्याला आईकडे कोन ठेवून आलो होतो, कागद संपले तसा त्यात ती आता लसूण ठेवते.

*

एकटा असाल तर एअरोप्रेस. फ्रिस्बीसारख्या चकत्या बनवणाऱ्या अ‍ॅलन अ‍ॅडलरने २००५ मध्ये आणली, दिसते सिरिंजसारखी, धुवायला अर्धं मिनिट, चोथ्याची वडी टपकन डब्यात पडते. दोघांना मात्र दोनदा करावी लागते आणि दुसऱ्याची होईपर्यंत पहिल्याची गार.

*

काही घेऊ नका, जुन्या पंचाचा तुकडा घ्या. आजी तेच करायची.

*

वरच्या सगळ्यांना एकच, भांड्याआधी दळण बघा हो. धागाकर्त्यांची पावडर फिल्टरसाठी बारीक दळलेली असणार, ती फ्रेंच प्रेसमध्ये घातली तर परत तोच गाळ. दुकानात विकत घेतानाच भांडं सांगून दळून घ्यायची.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. आम्ही दोघंही दूधवालेच, पावडरही बारीकच आहे, म्हणून बाजारातून स्टीलचा फिल्टर आणला, दोन कपांचा. आत्ता वरचं भांडं ट्यूबलाइटसमोर धरून बघतोय तर निम्मी भोकं आरपार दिसत नाहीयेत. हे असंच असतं का?

*

नाही. पावती असेल तर आजच बदलून घ्या, आणि नवीन घेताना दुकानातच उजेडात धरून बघा.