धागा: 'त्यांच्यात नवरे जास्त मारतात' म्हणे!

जाईजुई: तर्कट यांची कालची पोस्ट: अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांची बाळं कमी वजनाची होतात, कारण 'त्यांच्यात नवरे गरोदरपणातही जास्त मारतात'. वाचून झोप उडाली. १९९२ मध्ये जुडिथ मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टन, बाल्टिमोरच्या सरकारी दवाखान्यांत ६९१ गरोदर बायकांना विचारलं. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, गोऱ्या. साधारण सहांतल्या एकीने मारहाण सांगितली. आणि सगळ्यात जबर मार कुणाला? गोऱ्या बायकांना. आता बोला.

तर्कट: तीस वर्षांपूर्वीचा एक अभ्यास! २०२३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३, गोऱ्यांचे १४.५. हे काय आभाळातून पडलं?

जाईजुई: त्या आकड्यात नवऱ्याने केलेला खून धरतच नाहीत हो! आकडा फेकण्याआधी त्यात काय मोजलंय ते बघावं. त्याच ६९१ जणींच्या अभ्यासात थेट तिसऱ्या तिमाहीत तपासणीला येण्याचं प्रमाण मार खाणाऱ्या बायकांत, मार न खाणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. मार तोच, पण कोण कधी दवाखान्यात पोचते आणि पोचल्यावर तिचं कोण ऐकतं, फरक तिथे पडतो.

भोवरा: आणि अमेरिकेच्या या आकड्यांत आपण भारतीय कुठे? 'आशियाई' रकान्यात, जपानी, व्हिएतनामी सगळ्यांबरोबर. सरासरी झकास, आपल्या बायका गायब.

सुईण_नव्हे: रकान्याचं सोडा, आधी विचारतं कोण ते बघा. माझी मामेबहीण तिकडे पाचव्या महिन्यात तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी सुरक्षित वाटतं का? दुभाषा कोण, तर नवराच! त्याने तिला मराठीत विचारलं, 'जेवण जातं का नीट?' ती म्हणाली, हो. कागदावर 'सुरक्षित' लागलं.

तर्कट: एका नालायक नवऱ्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

सुईण_नव्हे: झोंबलं का?

भोवरा: सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला फुकट दुभाषा द्यावा लागतो. घरचं माणूस बसवलंच कसं?

सुईण_नव्हे: नवरा म्हणाला, मी आहे ना. त्यांचाही वेळ वाचला.

तर्कट: बरं, 'जास्त मारतात' मागे घेतो. खूश? पण वंशाने फरक पडतोच.

जाईजुई: पडतो, पण मारणाऱ्याच्या रक्तातून नाही. दोन दिवस लागले एवढं कबूल करायला, आभार!

भोवरा: पण बहिणीने स्वतः फोनवरचा दुभाषा मागायचा ना?

सुईण_नव्हे: कुठल्या भाषेत मागणार होती ती?