लॉनमध्ये हुमणी: मेटारायझियम की सूत्रकृमी?

खारघर, सोसायटीचं लॉन, 600 चौरस फूट. पिवळे पट्टे पडलेत. गवत ओढलं की सतरंजीसारखं सुटून येतं, मुळं खाल्लेली. फूटभर चौकोन तीन इंच उकरला तर सात अळ्या: पांढरट, चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या, डोकं तपकिरी, पायांच्या तीन जोड्या. म्हणजे हुमणीच (भुंग्याची मुळं खाणारी अळी). साबणाचं पाणीही (5 लिटरला 2 चमचे) ओतून पाहिलं. लष्करी अळी असती तर दहा मिनिटांत वर आली असती, काही आलं नाही.

मेटारायझियम (हुमणीवरचं जैविक औषध) टाकायचंय, संध्याकाळी, ओल्या मातीत. अडचण अशी की माळ्याने आठवड्यापूर्वीच बुरशीनाशक मारलंय, आणि मेटारायझियम ही बुरशीच! किती दिवस थांबू? की सरळ सूत्रकृमी (अळ्या मारणारे सूक्ष्म जंत) सोडू? मुलं खेळतात, क्लोरपायरीफॉस (रासायनिक कीटकनाशक) सुचवू नका. ताजं कल्चर नवी मुंबई-ठाण्यात कुठे मिळेल?