स्वतःचेच फोटो काढत बसलोय दोन महिने, यातनं काय कळतंय का कुणाला?

रात्रीचा_टायमर
वय 23, घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शिक्षण पुण्यात, आता परत गावात. आधी एक सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडं पोरी पण 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, आई, आज्जी सगळ्याच, त्यामुळं मी लहानपणापासनं तसं बोलतोय ते कधी कुणाला खटकलंच नाही. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूममेट म्हणाली, अगं 'आले' म्हण की, मुलगा आहेस का तू. सगळ्या हसल्या, मी पण हसलो. कोल्हापूरच्या बाकीच्या पोरी महिन्याभरात 'आले गेले' करायला लागल्या, मला काय ते जमेना, म्हणजे तोंडातनं निघायचं पण दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगतोय असं वाटायचं.

मग दादाच्या लग्नातला पैठणीतला फोटो, हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, पाहुणे आले की कौतुक करतात. मला ती कोणतरी चुलत बहीण वाटते. वाईट नाही दिसत, पण मी नाही ती.

तर आता रात्री सगळे झोपले की फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा, 10 सेकंदाचा टायमर लावायचा आणि उभं राहायचं. दादाचा शर्ट, आज्जाचा काळा कोट, कधी केस टोपीत कोंबून. दीडदोनशे काढले असतील, चार सोडून सगळे डिलीट केले. त्या चारातल्या एकात शर्ट आहे आणि नाकात आज्जीची नथ पण आहे, आणि तोच फोटो मी सारखा उघडून बघतोय. म्हणजे पोरगा व्हायचंय म्हणावं तर तसं पण नाही. हे नुसतं फॅन्सी ड्रेस चाललंय का याला काही अर्थ आहे? कुणी केलंय का असं? आणि प्रत्येक फोटोत तोंड वेगळंच का येतंय? शेवटचं म्हणजे आमच्या घरात पप्पांचं एकच गुगल अकाउंट सगळ्यांच्या फोनवर आणि टीव्हीवर आहे, फोटो कुठं ठेवू?

शाहूपुरी_स्टुडिओ
शेवटच्यापासनं सुरू करतो. आत्ताच्या आत्ता गुगल फोटोजचा बॅकअप बंद कर, आणि ते चार फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये टाक. आधीच बॅकअप झाले असतील तर ते पण बघ, नाहीतर एक दिवस जेवताना टीव्हीवर स्लाइडशो चालू होतोय, मग बोंबला. डिलीट केलेले पण ट्रॅशमध्ये पडून असतात, तिथनं पण काढ.

तोंडाचं सांगतो. हात लांब करून फ्रंट कॅमेऱ्यानं काढलास तर नाक मोठं येतं आणि कान मागं जातात, कारण फोन जेमतेम दीड फुटावर असतो. मागचा कॅमेरा वापर, पाचसहा फूट लांब ठेव. दुसरं म्हणजे आपण जन्मभर स्वतःला आरशात उलटं बघतो, भांग डावीकडचा उजवीकडं, त्यामुळं सरळ फोटो परका वाटणारच, आम्हाला सगळ्यांनाच वाटतो. ब्यूटी मोड असेल तर तो आधी मार, तो गुपचूप जबडा बारीक करतो आणि कातडी गुळगुळीत करतो, आणि तुला नेमकं तेच बघायचं असणार की आपला जबडा आपल्याला कसा वाटतोय. रात्री ट्यूबलाइट डोक्यावरनं येते, डोळ्याखाली खड्डे पडतात. सकाळी खिडकीला पांढरं धोतर लावून तिच्या बाजूला उभं राहून बघ एकदा.

तांबडा_पांढरा
राग मानू नको पण मला वाटतंय जास्त विचार करायला लागलाय(स). रात्री झोप, सकाळी रंकाळ्याला एक राउंड मार, नोकरी लागली की हे सगळं जातंय.

गंगावेशकर
@तांबडा_पांढरा रंकाळ्याला मी तीस वर्षं राउंड मारतोय, माझं काही गेलं नाही बाबा.

मुद्द्याचं बोलतो. फॅन्सी ड्रेसची एवढी लाज कशाला? ज्याच्या नावाचं नाट्यगृह आपल्या गावात आहे (2024 च्या ऑगस्टमध्ये जळलं तेव्हा अख्खं गाव रडलं) ते केशवराव भोसले पोरवयात 'शारदा' नाटकात शारदा व्हायचे, आणि 1921 ला संयुक्त 'मानापमान' नाटकात हिरो धैर्यधर झाले तेव्हा समोर हिरोईन भामिनी कोण, तर बालगंधर्व. दोन्ही बाप्ये, आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. आता ते स्टेजवरचं काम होतं, त्यावरनं ते मनातनं काय होते हे आपण ठरवू नये, पण कपडे बदलले की माणसाची मान, खांदे, हात सगळं बदलतं हे या गावाला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं.

आणि स्वतःचे फोटो काढणारे कलाकार क्लोद काहून बघ. जन्म 1894, फ्रान्स. घरचं नाव ल्यूसी, ते टाकून क्लोद घेतलं, कारण तिकडं हे नाव पोराचं पण असतं आणि पोरीचं पण. डोकं भादरून, सूट घालून, बाहुलीसारखं नटून स्वतःचे फोटो. एकात तर हातात वजनं आणि गालावर बदाम काढलेला पैलवान, आपल्या तालमीत दाखवला तर वस्ताद चक्कर येऊन पडंल. त्यातले बहुतेक फोटो हयातीत लोकांपुढं आलेच नाहीत. आणि कॅमेऱ्याचा खटका बऱ्याचदा जोडीदार मार्सेल मूरनं दाबलेला. म्हणजे सेल्फ पोर्ट्रेट एकट्यानंच काढायचं असा काही नियम नाही.

इचलकरंजीची_मी
मी ट्रान्स बाई, म्हणजे जन्मल्यावर पोरगा म्हणून नोंद झालेली, वय 34. मी पण काढायचे, पॉवरलूमच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी, मालकाच्या केबिनमधल्या काचेसमोर. माझं चुकलं ते सांगते. प्रत्येक फोटोत मी 'बाई दिसतेय का' एवढंच शोधायचे, आणि दिसले नाही की दोन दोन दिवस जेवायचे नाही. म्हणजे स्वतःला बघतच नव्हते, परीक्षा घेत होते. तू नथीचा फोटो परत परत उघडतोस म्हणालास (असंच लिहिते, तू लिहिलंयस तसं) ते मला बरं वाटलं. त्याला लगेच ट्रान्स, नॉन-बायनरी (म्हणजे नुसता पुरुष नाही, नुसती बाई पण नाही) असलं नाव चिकटवायची घाई नको, आणि ते नाव आवडलं तर घ्यायला घाबरू पण नको. फक्त डिलीट करायच्या आधी एक रात्र थांब. मी काही फोटो उडवले ते आज पाहिजे होते.

फोटो म्हणजे पुरावा नव्हे. कुणी दाखव म्हणालं तरी दाखवू नको. 2014 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की आपण कोण ते आपलं आपण सांगायचं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. गावाचं म्हणशील तर ओढ्यावरच्या यल्लम्माला लुगडं नेसलेल्या जोगत्याच्या पाया पडणारे हेच लोक घरात तसं पोर निघालं की पट्टा काढतात, म्हणून घरात सांगायचं तर आधी एकच माणूस निवड. रात्री फारच जड झालं तर 14416 लाव, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रात्रीचा_टायमर
सगळ्यांना थँक्यू. ट्रॅशमध्ये 61 निघाले, त्यातले 9 परत आणले. बॅकअप बंद केला, घाम फुटला होता.

खटक्याचं वाचून काल दुपारी आज्जीला म्हणलं, कोट घातलाय, एक फोटो काढ. बाकी काही सांगितलं नाही. तिनं फोन उलटा धरला, मग सरळ, मग म्हणाली बटण कुठाय. तीन काढले, तिन्हीत डोकं कापलंय, पायातल्या चपला मात्र एकदम क्लिअर. मला म्हणाली नीट उभा राहा की. 'उभा' म्हणाली. आता आज्जी सगळ्यांनाच तसं म्हणते, त्यामुळं त्यात काही नसंल पण. कापलेल्या डोक्याचा ठेवलाय एक.

@शाहूपुरी_स्टुडिओ पांढरं धोतर नाही घरात, पातळ बेडशीट चालेल का?

शाहूपुरी_स्टुडिओ
चालतंय. फुलाफुलाचं नको फक्त, रंग तोंडावर येतो.