हिशेब किलोचा नको, खुर्चीचा करा

प्लास्टिकच्या खुर्चीत फिलर (प्लास्टिकमध्ये मिसळायची खनिज भुकटी) घालण्यावरून दोन मतं ऐकू येतात. 'फिलर म्हणजे निव्वळ भेसळ' हे पहिलं मत पटत नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या पीपीत (पॉलिप्रॉपिलीन, खुर्चीचंही हेच प्लास्टिक) टाल्क ही खनिज भुकटी घालतात ते ताठपणा यावा, उन्हात आकार टिकावा म्हणून. पण '२० टक्के भुकटी घातली की माल तेवढाच स्वस्त' हा दुसरा हिशेबही कच्चा आहे. प्लास्टिकचा दाणा आपण किलोवर घेतो, साचा मात्र घनफळाने भरतो. पाण्याची घनता १ धरली तर पीपीची ०.९, कॅल्शियम कार्बोनेट या फिलरची २.७. वजनाने २० टक्के फिलर घातलं की मिश्रणाची घनता १.०४ च्या आसपास जाते, त्याच साच्यातली खुर्ची जवळपास १५ टक्के जड निघते आणि पीपी वाचतं जेमतेम ८ टक्के. त्यातून फिलरची किंमत वजा करायची ती वेगळीच. गिऱ्हाईक मात्र खुर्ची उचलून 'दणकट आहे हो' म्हणतं!

या वादात भंगाराचा विषय मात्र कुणी काढतच नाही. साधं पीपी पाण्यावर तरंगतं. फिलर साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की बुडतं. रनरचा (साच्यात प्लास्टिक शिरण्याच्या वाटेत गोठलेल्या काडीचा) तुकडा कापून बादलीत टाकून बघा (हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर आधी बोटाने झटका). रिसायकलिंगवाल्यांच्या टाकीत पीपी-पॉलिथिन वर आणि पीव्हीसी, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) तळाशी अशी विभागणी याच भरवशावर होते. भरपूर फिलर असलेली खुर्ची तिथे पीव्हीसीबरोबर तळाला जाते, नाहीतर आधीच हाताने निवडून बाजूला काढावी लागते.