मदत हवी आहे: ताईच्या रिसेप्शनचं वेळापत्रक बसत नाहीये (दादर)

घामाघूम_भाऊ: पुढच्या महिन्यात रविवारी ताईचं लग्न. पत्रिकेत रिसेप्शन ७ ते १० छापून झालंय. हॉलवाल्याने साडेदहाला दिवे बंद म्हणून आत्ताच बजावलंय. मेकअपवालीला दोन तास हवेत, फोटोग्राफरला पाहुणे यायच्या आत जोडप्याचे फोटो हवेत, केटरर साडेसातला काउंटर उघडतो म्हणतो. बाबा नुसते "होईल रे सगळं". मिनिटांसकट कोणीतरी सांगा. उद्या सगळ्यांना फोन करायचेत.

मुलुंडची_मावशी: माणसं किती? लग्न त्याच दिवशी की आदल्या? आकाशातून मिनिटं काढू का?

घामाघूम_भाऊ: साडेतीनशे. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये.

हिशेबी: साडेतीनशे म्हणजे चारचार जणांचे साधारण नव्वद घोळके. चढा, पाकीट द्या, फोटो काढा, उतरा. घोळक्याला एक मिनिट धरलं तरी दीड तास. जोडपं सव्वासातला उभं राहिलं तर पावणेनऊला मोकळं. सव्वाआठला उभं राहिलं तर पावणेदहा, मग घरच्यांचे फोटो, आणि नवरानवरी जेवायला बसतात तेव्हा झाडूवाला आलेला असतो. बाकी सगळं सोडा, सव्वासात सांभाळा. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. पायऱ्यांशी एक खमका चुलतभाऊ उभा करा.

पंगतवाले_काका: बुफे रद्द करा. पंगत बसवा, पाऊण तासात उठते. रांग नाही, ढकलाढकली नाही.

हिशेबी: काका, शंभरची पंगत धरली तर साडेतीनशेला चार पंगती. तीन तास त्यातच गेले. आणि स्टेजवर कोण जाणार?

पंगतवाले_काका: गिरगावात आमच्या वाडीत पाचशे पानं उठली होती. वाढायला घरचीच पोरं. तुमच्या हिशेबात आग्रह बसत नाही. आणि मठ्ठ्यात हल्ली साखर घालतात ती वेगळीच तक्रार.

खवय्या_पार्लेकर: मठ्ठ्यात साखर हवीच. चिमूटभर.

बोरिवली_फास्ट: दहा वाजता स्पीकर बंद करावा लागतो, हे कोणी सांगितलंच नाही. कायदा आहे.

हिशेबी: ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री १० ते सकाळी ६. पण बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला त्यात सवलत आहे. याला तसाही साडेदहाला गाशा गुंडाळायचाय.

बोरिवली_फास्ट: आमच्या वेळी मॅनेजरने पावणेदहालाच वायर काढली होती. नियम त्याला दाखवा.

हिरवा_कोपरा: रिटर्न गिफ्ट म्हणून तुळशीची रोपं द्या. खूप छान वाटतं.

करवली_होते_मी: जेवणाचं कोणी बोलत नाही म्हणून सांगते. माझ्या बहिणीने सप्तपदीनंतर दोन घास खाल्ले, ते तेवढेच. रात्री आठला स्टेजवर तिचा हात गार पडला. मी तिला पडद्यामागे नेलं, निऱ्यांवर नॅपकिन अंथरला आणि बटाटेवड्याचे बारीक तुकडे करून भरवले, ओठांना लागू न देता. मेकअपवाली लिपस्टिक उघडून शेजारी उभी! पाच मिनिटं गेली, पण पुढचे दोन तास ती हसत होती. साडेसहाला सक्तीने खायला घाला.

मुलुंडची_मावशी: हे बरोबर. पण भाऊ, लग्न तिथेच, तर जेवणं तीनला आटोपतील. तीन ते सात चार तास आहेत की. मेकअप पावणेपाचला बसवा. घोडं अडलंय कुठे?

घामाघूम_भाऊ: दुपारी गृहप्रवेश आहे ना. विरारला. तिथून परत यायचं.

हिशेबी: ...

बोरिवली_फास्ट: विरार!! आणि हे आत्ता सांगताय? हायवेने जाऊन-येऊन चार तास धरा. लोकल म्हणाल तर रविवार, ब्लॉक असला तर शालू नेसून प्लॅटफॉर्मवर उभी राहील.

मुलुंडची_मावशी: गृहप्रवेश रिसेप्शननंतर रात्री करा. आमच्या सुनेने साडेबाराला माप ओलांडलं, काही बिघडलं नाही.

घामाघूम_भाऊ: विहीणबाई म्हणतात दिवेलागणीच्या आत लक्ष्मी घरात आली पाहिजे.

पंगतवाले_काका: त्यांचं बरोबर आहे.

मुलुंडची_मावशी: काका, तुम्ही गाडी चालवणार आहात का? भाऊ, त्यांचं जवळपास कोणी राहतं?

घामाघूम_भाऊ: नवरदेवाचे मामा. प्रभादेवीला.

मुलुंडची_मावशी: मग झालं! मामाचं घर काय परकं? साडेतीनला तिथे माप ओलांडायचं, लक्ष्मीपूजन करायचं, साडेचारला परत हॉलवर. विरारचा उंबरठा रात्री. फोन तू करू नकोस, आईला करायला सांग. विहिणीविहिणींचं त्यांनाच जमतं.

घामाघूम_भाऊ: आईने केला. पाऊण तास बोलल्या. विहीणबाई तयार आहेत, पण तांदळाचं माप आणि समई त्यांच्याच घरची येणार. मेकअप पावणेपाच, वडे साडेसहा, जोडप्याचे फोटो पावणेसात, स्टेज सव्वासात. चुलतभाऊ दोन सांगून ठेवलेत. आता फक्त बाबांना सांगायचंय, त्यांनी विरारसाठी बस ठरवून आगाऊ पैसे देऊन टाकलेत.