‘ऑल्टर बॉइज’ मुलांना दाखवावं का?
‘ऑल्टर बॉइज’ हे पाच पोरांच्या ख्रिस्ती पॉप बँडवरचं विनोदी संगीत नाटक. त्याच्या जाहिरातीत पालकांसाठी सूचना हवी का, या चर्चेत कुणी म्हणालं, ‘शिव्या नाहीत, मारामारी नाही, पाच पोरं येशूची गाणी म्हणत नाचतात, मग सूचना कशाला?’ हे म्हणणं मला अर्धंच पटलं. शिव्या नाहीत हे खरं, पण इथली निम्मी गंमत न बोललेल्या गोष्टींत आहे. बँडमधला मॅथ्यू प्रेक्षकांतल्या एका मुलीला मंचावर आणतो आणि ‘तुझ्यामुळे लग्नापर्यंत थांबावंसं वाटतं’ अशा अर्थाचं गाणं तिला लाडीगोडीनं म्हणतो. मार्कच्या गाण्यात तर हा आता आपण समलिंगी असल्याचं सांगणार, असं सगळ्यांना वाटत असतानाच तो ‘मी कॅथलिक आहे’ म्हणून मोकळा होतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हे डोक्यावरून जाईल. चौदाचं मात्र बरोबर पकडेल आणि तुमच्याकडे बघून हसेल. तेवढी तयारी ठेवा.

कुणी न काढलेला मुद्दा म्हणजे बँडमधल्याच हुआनचा. चर्चच्या दारात सोडून दिलेल्या या मुलाला वाढदिवशी, भर कार्यक्रमात, आईवडील वारल्याचं कळतं. तो प्रसंगही विनोदी अंगानंच जातो, पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर लहान मुलाला आधी सांगून न्यावं. पुढे भूत उतरवण्याचं गाणंही आहे, ते सगळं लुटुपुटीचं.

धर्माच्या टिंगलीबद्दल म्हणाल तर टिंगल पॉप बँडच्या धंद्याची जास्त आहे. शेवटी श्रद्धेची बाजू धरतो तो बँडमधला चक्क ज्यू अब्राहम. साधारण दीड तासाचा खेळ, मध्यंतर नाही, हेही जाहिरातीत ठळक लिहा.